प्रेमकथेतलं गाळलेलं प्रकरण

प्रेमासाठी देश सोडणाऱ्या नायिकेच्या हलक्याफुलक्या कादंबऱ्यांत शेवटाकडे एक ठरलेली उडी असते. विमानतळावर मिठी पडते, पान उलटतं आणि पुढच्या प्रकरणाच्या डोक्यावर छापलेलं असतं, ‘चार महिन्यांनंतर’. नायिका थेट परदेशातल्या बाल्कनीत, हातात कॉफीचा मग. मधले चार महिने गाळलेले असतात, कारण त्यांत नुसती कागदपत्रं आहेत असा समज. समज चुकीचा नाही. पण फजितीचा सगळा ऐवज त्या कागदपत्रांतच असतो, आणि प्रेमाचाही बराचसा.

उदाहरणाला नायिका पुण्याची घेऊ, नायक लायपझिगचा जर्मन. जोडी काही ओढूनताणून जमवलेली नाही. शाळेपासून जर्मन घेतलेली मुलं पुण्यात पेठोपेठी सापडतात. नावं ज्याची त्यानं ठेवावीत.

विमानतळावरच्या धावाधावीचं आधी उरकून घेऊ, कारण ती मुंबईत चालत नाही. हा प्रसंग मुळात अमेरिकी सिनेमातून आला. तिथे सप्टेंबर २००१ पूर्वी तिकीट नसलेल्या माणसालाही विमानाच्या दारापर्यंत सोडायला जाता येई. आपल्याकडे टर्मिनलच्या दारातच सीआयएसएफचा जवान तिकीट आणि ओळखपत्र मागतो. ‘माझं तिच्यावर प्रेम आहे’ हे ओळखपत्र नव्हे. हुशार नायक घाईघाईत मोबाइलवरून कुठल्या तरी देशांतर्गत विमानाचं तिकीट काढून आत शिरेल, पण इमिग्रेशनच्या अलीकडेच त्याची प्रेमकथा थांबेल. शिवाय पुण्याहून यायचं तर वाटेत खंडाळ्याचा घाट आहे. तिथे ट्रक बंद पडला की कुठल्याही गैरसमजाला मिटायला भरपूर वेळ मिळतो, हा एक फायदा.

मुख्य प्रश्न असा, की लग्न करायचं कुठे? जर्मनीत करायचं म्हटलं तर परदेशी माणसाला आपल्या देशाकडून ‘हिच्या लग्नाला कायद्याची काही आडकाठी नाही’ असा ठरावीक नमुन्यातला दाखला आणावा लागतो. भारतात तसा दाखला निघत नाही. मग त्या दाखल्यातून सूट मिळावी म्हणून तिथल्या प्रांताच्या उच्च न्यायालयाच्या अध्यक्षांकडे अर्ज जातो. लायपझिगच्या बाबतीत हे न्यायालय ड्रेस्डेनला आहे. म्हणजे सदाशिव पेठेतली मुलगी अविवाहित आहे की नाही, याची शहानिशा ड्रेस्डेनचे न्यायाधीश करणार. या कटकटीला कंटाळून बरीच जोडपी डेन्मार्क गाठतात. तिथे २०१९ पासून परदेशी जोडप्यांची कागदपत्रं एकच सरकारी कार्यालय तपासतं, आणि ते दाखला देतं त्याच्या बळावर चार महिन्यांच्या आत लग्न लावता येतं. एरो नावाचं एक छोटं बेट तर अशा लग्नांसाठीच प्रसिद्ध आहे. बोटीतून जायचं, रंगीत बुटक्या घरांच्या गावात सही करायची. कादंबरीला झकास. फक्त आजीचा शेंगेन व्हिसा झाला नाही तर ती जन्मभर बोलून दाखवेल.

म्हणून पुण्यातच. वधूवरांपैकी एक परदेशी असला की विशेष विवाह कायदा, १९५४, लागतो. त्या कायद्यात रोमँटिक कॉमेडीचा सांगाडा तयार आहे. लेखकाला काही सुचलं नाही तरी चालेल. दोघांपैकी एकानं त्या जिल्ह्यात निदान ३० दिवस राहिलेलं असावं लागतं. नायिका जन्मापासून राहते आहे, तो प्रश्न मिटला. मग दोघांच्या सहीची नोटीस द्यायची. ती विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात दर्शनी जागी लागते आणि ३० दिवस तिच्यावर कुणीही हरकत घेऊ शकतं. कुणीही म्हणजे खरंच कुणीही, पण ‘मुलगा गोरा आहे’ ही हरकत ग्राह्य नाही. आधीचं लग्न, वय, मनाची स्थिती, निषिद्ध नातं, एवढीच कारणं चालतात. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न लागलं नाही तर ती रद्द आणि सगळं पहिल्यापासून.

यात हमखास चुकतं ते नायकाच्या व्हिसाचं. तो उत्साहाच्या भरात ३० दिवसांचा पर्यटक ई-व्हिसा घेऊन येतो. सोमवारी उतरतो, बुधवारी नोटीस देतो. हरकतीची मुदत संपायच्या दोन दिवस आधीच त्याचा व्हिसा संपतो. उपाय साधा आहे. एक वर्षाचा ई-व्हिसा घ्यायचा, त्यावर जर्मन माणसाला सलग ९० दिवस राहता येतं. पण मग रजेचं काय? जर्मन कायद्यानुसार पाच दिवसांच्या आठवड्याला वर्षाची किमान रजा २० दिवस. कंपनी उदार असली तर ३०. म्हणजे नायकाची वर्षाची सगळी रजा एका नोटिसबोर्डाखाली जाणार. तिकडून आणलेला अविवाहितपणाचा दाखला सहाच महिने चालतो, तेही डोक्यात ठेवायचं. पुलाखाली उभं राहून गिटार वाजवण्यापेक्षा हा त्याग मोठा आहे, आणि तो दाखवायला लेखकाला एक कॅलेंडर पुरतं.

कळसाचा प्रसंग मी विमानतळावरून उचलून विवाह अधिकाऱ्याच्या खोलीत नेईन. तिथे तीन साक्षीदार लागतात. दोन नव्हे, तीन. आईवडील आले आहेत. तिसरा मामा. मामाला सकाळी अकराची वेळ दिली आहे, तो पार्किंग शोधतो आहे, आणि शिवाय आधार कार्डाची झेरॉक्स आणली आहे पण मूळ कार्ड घरी राहिलं आहे. धावपळ हवी असेल तर ती इथे करावी. पुढचा टप्पा कायद्यानंच लिहून ठेवला आहे: अधिकाऱ्यासमोर आणि तिन्ही साक्षीदारांसमोर दोघांनी एकमेकांना कायदेशीर पती-पत्नी म्हणून स्वीकारत असल्याचं तोंडानं म्हणायचं, दोघांना समजणाऱ्या कोणत्याही भाषेत. नायकानं हे एकच वाक्य महिनाभर मराठीत घोकलं असेल आणि ऐन वेळी ‘पत्नी’च्या जागी ‘पती’ म्हणाला, तर त्या खोलीत नंतर कुणाला संवाद लिहून द्यावे लागत नाहीत.

लग्न झालं, दाखला मिळाला. इथे भारतीय माणसाचा हात आपोआप अपोस्टिलच्या, म्हणजे दाखला परदेशात खरा मानला जावा म्हणून सरकार मारतं त्या शिक्क्याकडे जातो. थांबावं. भारत हेगच्या अपोस्टिल करारात २००५ साली सामील झाला तेव्हा जर्मनीनं आक्षेप नोंदवला होता. त्यामुळे तो शिक्का तिथे कामाचा नाही. त्याऐवजी त्यांची वकिलात इथला एखादा वकील नेमून कागदपत्रांची तपासणी करून घेऊ शकते, खर्च अर्जदाराचा. हे वकील नोंदणी कार्यालयात जातात, शाळेत जातात आणि प्रसंगी शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही विचारतात: मुलगी इथलीच ना, याआधी लग्न झालेलं नाही ना? स्थळाची चौकशी करायला आलेले दूरचे काका असेच असायचे, फक्त त्यांच्याकडे वकिलातीचं पत्र नव्हतं. समोरच्या ब्लॉकमधल्या काकूंना इथे पूर्ण एक प्रकरण द्यावं. त्या वकिलाला चहा देतील, मुलीची दहावीची टक्केवारी सांगतील आणि अखेरीला त्यांच्या पुतण्याचं कुठे जमतंय का तेही विचारून ठेवतील. लग्न नुसतं कागदावरचं असल्याची शंका आली तर नवराबायकोला वेगवेगळं बसवून तेच प्रश्न विचारले जातात. मागणी कुणी घातली, लग्नाला कोण कोण आलं होतं, सासूचं नाव काय. अगदी प्रेमात पडलेली माणसंही इथे अडखळतात, कारण मागणी आपणच घातली असं दोघांनाही वाटत असतं.

अमेरिकेला जाणारी नायिका असेल तर लेखकाचं काम आणखी सोपं. तिथल्या के-१ या वाग्दत्त वधूवरांच्या व्हिसावर देशात पाऊल ठेवल्यापासून ९० दिवसांत लग्न लावावं लागतं, आणि अर्जापूर्वीच्या दोन वर्षांत दोघं एकदा तरी प्रत्यक्ष भेटलेली असावी लागतात. टिकटिकणारं घड्याळ सरकारच पुरवतं. म्हणूनच त्या ९० दिवसांवर इतकं लिहिलं गेलं आहे की मी आता पुन्हा जर्मनीकडे वळतो.

जर्मन माणसाच्या बायकोला तिथे राहायला जाण्यापूर्वी बहुतेक वेळा ए-१ पातळीचं, म्हणजे अगदी पहिल्या पायरीचं, जर्मन येत असल्याचं प्रमाणपत्र लागतं. शाळेत तीन वर्षं जर्मन होतं, दहावीला भरघोस गुण पडले, रानडे इन्स्टिट्यूटमध्ये कोर्स केला, हे सगळं कौतुकाचं. पण वकिलातीला ठरावीक परीक्षा संस्थांचंच प्रमाणपत्र हवं असतं. पुणेकर त्यासाठी बोट क्लब रोडवर मॅक्सम्युलर भवन या जर्मन भाषेच्या संस्थेत जातात. परीक्षा १०० गुणांची, ६० ला पास. ऐकणं २० मिनिटं, वाचणं २५, लिहिणं २०, मग सगळ्यांनी मिळून पंधरा मिनिटांचं बोलणं. बोलण्यात आधी स्वतःची ओळख: नाव, वय, देश, राहण्याचं ठिकाण, भाषा, काम, छंद. मग परीक्षक एखादं नाव अक्षरं सुटी करून सांगायला लावतात आणि एखादा आकडा म्हणायला. नायिकेचं आडनाव क्षीरसागर ठेवलंत तर हे अर्धं मिनिट चांगलं रंगेल. जर्मन आकड्यांत एकक आधी आणि दशक नंतर येतं, त्यावर इंग्रजी माध्यमातली मुलं गडबडतात. मराठीत ‘पंचवीस’ म्हणायची सवय असलेल्यांना ते घरचंच वाटतं.

माझा लाडका भाग लेखनाचा. दिलेल्या तीन मुद्द्यांवर साधारण ३० शब्दांचं पत्र लिहायचं असतं. या पातळीवर विशेषणं मोजकी, भूतकाळ जेमतेम, ‘जर-तर’ नाहीच. तीन महिने नायिका याचाच सराव करत असते. त्यामुळे या काळात नायकाला येणारी पत्रं अशी असणार: ‘मी शनिवारी येते. माझी बॅग मोठी आहे. तू स्टेशनवर येतोस का? हवा कशी आहे? कृपया उत्तर दे.’ यापेक्षा जास्त लाडीगोडी ए-१ मध्ये बसत नाही आणि कादंबरीत तरी कशाला हवी!

बॅगेचा विषय निघालाच आहे. युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, खवा इथेच. ताज्या फळांना आणि पाल्याला वनस्पती आरोग्याचा दाखला लागतो, त्यामुळे आंबा आणि कढीपत्ता बाद. मात्र या नियमाला पाच फळांचा अपवाद आहे: अननस, केळी, खजूर, ड्युरियन आणि नारळ. ओटीतला नारळ कायद्यात बसतो, ही बातमी नायिकेच्या आईला आवर्जून द्यावी. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र विमानकंपन्या अडवतात, कारण तेलकट खोबरं तापून पेट घेऊ शकतं. गोडा मसाला, मेतकूट, हळद बिनधास्त. डबे नकोत, वजन त्यांचंच होतं. दुहेरी पिशव्या, आणि मसाल्याची पिशवी कपड्यांच्या मधोमध नको, नाहीतर लायपझिगमधले पहिले दोन आठवडे नायिकेच्या स्वेटरला आमटीचा वास.

पोचल्यावर दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेत पत्त्याची नोंद, त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद. पत्रपेटीवर आपलं आडनाव चिकटवायचं, नाहीतर पोस्टमन पत्र परत नेतो आणि त्यातच करक्रमांक असतो. पासपोर्टात मराठी मुलीच्या नावापुढे वडिलांचं नाव त्याच रकान्यात असेल तर जर्मनीत ती दोन्ही तिची स्वतःची नावं ठरतात. मग विमा कार्डावर ती ‘मुक्ता श्रीधर’ होते आणि दवाखान्यात कुणीतरी मोठ्यानं ‘श्रीधर!’ अशी हाक मारतं. बाबा पुण्यात, पण हजेरी तिथे.

मग ती पहिली फोडणी. जर्मन घरांत झोपायच्या खोल्यांत आणि तिथून बाहेर पडायच्या बोळात धूरसूचक यंत्र बसवणं बंधनकारक असतं. स्वयंपाकघरात नसतं, म्हणून नायिका निर्धास्त. पण शेगडीवरची चिमणी बरेचदा हवा बाहेर न टाकता गाळून पुन्हा खोलीतच सोडणारी असते. तेल तापतं, मोहरी तडतडते, हिंग, मग सुकी मिरची. मिरचीचा ठसका आणि तेलाचे बारीक कण दारातून बोळात जातात आणि यंत्र किंचाळायला लागतं. वेळ रविवारची दुपार, सगळी इमारत शांततेत. नायक खुर्चीवर चढून टॉवेलनं वारा घालतो आहे, खालच्या मजल्यावरच्या आजी दारात उभ्या. योग्य पद्धत अशी: आधी खिडकी पूर्ण उघडायची, नुसती वरून कलती ठेवून भागत नाही, बोळाकडचं दार लावायचं, मिरची तेल जरा निवल्यावर टाकायची आणि लगेच झाकण. हे तिला तिसऱ्या फोडणीपर्यंत जमतं. पहिल्या दोन कादंबरीच्या.

दुसरा भाग लिहायचा असेल तर उलटा प्रवास आहे. लग्न नोंदवून दोन वर्षं झाली आणि ते टिकून असलं की जर्मन नवऱ्याला ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डासाठी अर्ज करता येतो, म्हणजे तो पुण्यात येऊन राहू शकतो. त्याच्याकडे मराठीचं प्रमाणपत्र कुणी मागत नाही. पण लग्न खरं आहे आणि अजून चालू आहे, याचे पुरावे पुन्हा जोडायचे असतात. म्हणून पहिल्या भागाच्या शेवटी कितीही आवराआवर झाली तरी लग्नाचा दाखला, फोटो आणि मामाच्या आधारची झेरॉक्स असलेली ती फाइल नायिकेनं टाकून देऊ नये.