नऊ मिलिमीटरची गाठ

"मॅडम, तुमची ती नऊ मिलिमीटरची गाठ सापडत नाही, खाली येऊन पाहता का?" असा फोन शस्त्रक्रियागृहातून आला, तेव्हा 'तुमची' या शब्दातली खोच मला नीट कळली, कारण यकृतातल्या त्या गाठीबद्दल आम्हा डॉक्टरांच्या बैठकीत मी, रेडिओलॉजिस्ट, एकटीच ठाम होते.

रुग्णाला हिपॅटायटिस बीमुळे सिरोसिस झाला होता, म्हणजे यकृत व्रणांनी कडक आणि गाठाळ झाले होते. सीटीमध्ये सहाव्या सेगमेंटमधली (यकृताचे असे आठ भाग मानतात) तीन सेंटिमीटरची गाठ धमनीच्या टप्प्यात, म्हणजे शिरेतून दिलेले कॉन्ट्रास्ट औषध धमनीतून यकृतात पोहोचते तेव्हा, उजळून नंतर काळवंडली होती, म्हणून बायोप्सीविनाच कर्करोगाचे निदान झाले. गॅडॉक्सेटेट हे कॉन्ट्रास्ट औषध देऊन केलेल्या एमआरआयने मात्र आणखी एक ठिपका दाखवला. हे औषध यकृताच्या कार्यक्षम पेशी शोषून घेतात. त्यामुळे 20 मिनिटांनी यकृत उजळते आणि कर्करोगाची गाठ बहुधा काळी राहते. आठव्या सेगमेंटमध्ये, पृष्ठभागापासून तीन सेंटिमीटर आत, तशी एक काळी जागा होती.

मी पोहोचले तेव्हा इन्फ्रारेड कॅमेऱ्यात सहाव्या सेगमेंटची गाठ लखलखत होती. यकृताची क्षमता तपासण्यासाठी काही दिवस आधी दिलेले इंडोसायनिन ग्रीन हे इन्फ्रारेडमध्ये चमकणारे रंगद्रव्य तिच्यात साठून राहिले होते. डाव्या बाजूलाही एक ठिपका चमकत होता, पण फ्रोझन सेक्शनमध्ये, म्हणजे शस्त्रक्रिया चालू असतानाच तुकडा गोठवून केलेल्या तपासणीत, ती सिरोसिसचीच साधी गाठ निघाली. या प्रकाशाची पोच जेमतेम एक सेंटिमीटर, त्यामुळे आठव्या सेगमेंटबद्दल कॅमेरा मूकच होता.

सोनोग्राफीचा प्रोब थेट यकृतावर टेकवला की बरगड्या आणि पोटाची भिंत आड येत नाही, त्यामुळे जास्त फ्रिक्वेन्सी वापरून बारीक तपशील पाहता येतो. अडचण वेगळीच होती. सिरोसिसच्या यकृतात सगळ्याच गाठी सारख्या दिसतात, शिवाय मोकळे करून वळवलेले यकृत एमआरआयच्या चित्राशी जुळेना. मी गाठ शोधणे सोडून दिले, यकृतातून रक्त बाहेर नेणाऱ्या मधल्या आणि उजव्या शिरेचा (हिपॅटिक व्हेन) माग धरला, आणि त्यांच्या मधून आठव्या सेगमेंटकडे जाणाऱ्या पोर्टल व्हेनच्या (आतड्यांकडून यकृतात रक्त आणणाऱ्या शिरेच्या) फांदीमागे तिच्या दुभाजनापर्यंत गेले. तिथे, पातळ काळसर कडा असलेली, ती होती. सुईने नमुना घेऊन शस्त्रक्रिया करणाऱ्या सरांनी प्रोबच्याच देखरेखीखाली ती मायक्रोवेव्हच्या उष्णतेने जाळली. तो नमुनाही कर्करोगाचाच ठरला.

संध्याकाळी मी जुना सीटी पुन्हा उघडला. जागा ठाऊक असल्यामुळे धमनीच्या टप्प्यात तिथे पुसटशी उजळी दिसली. अहवालात 'इतरत्र गाठ नाही' असे मीच लिहिले होते.