कवच सुधारले, पण श्रेय सी जीवनसत्त्वाला देता येत नाही

नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागला आणि बटेरांच्या अंड्यांची कवचे पुन्हा पातळ होऊ लागली, तेव्हा उन्हाळ्यात कवच सुधारते ते सी जीवनसत्त्वाने की मोकळ्या जागेने, हे पाहण्यासाठी मागच्या नोंदीत मांडलेली चार पिंजऱ्यांची तुलना आपोआपच कसाला लागली. मांडणी तीच आहे. पिंजरे ६० बाय ५० सेंटीमीटरचे असून दोन दाट पिंजऱ्यांत प्रत्येकी २० माद्या आहेत, म्हणजे पक्ष्यामागे १५० चौरस सेंटीमीटर जागा. दोन विरळ पिंजऱ्यांत प्रत्येकी १२, म्हणजे पक्ष्यामागे २५०. प्रत्येक जोडीतील एका पिंजऱ्याच्या लेयर मॅशमध्ये (अंडी देणाऱ्या पक्ष्यांच्या भरड खाद्यात) किलोमागे २५० मिलिग्रॅम सी जीवनसत्त्व मिसळले जाते, दुसऱ्याला नुसते मॅश मिळते.

निकाल मला अपेक्षित होता तसा आला नाही. दाट पिंजऱ्यांत सी जीवनसत्त्व दिलेले आणि न दिलेले यांत नाव घेण्याजोगा फरक पडला नाही, उलट काहीही न मिसळलेल्या विरळ पिंजऱ्याची अंडी त्या दोन्हींपेक्षा सरस निघाली. विरळ आणि सी जीवनसत्त्व अशी जोडी सर्वांत पुढे राहिली खरी, परंतु थोडक्यातच. कवचे धुऊन, वाळवून, दहा-दहाच्या गटात सोनाराकडे असतो तशा काट्यावर तोलली. दहा ग्रॅमच्या अंड्यात कवच एक ग्रॅमपेक्षाही हलके असते, त्यामुळे स्वयंपाकघरातील काटा या कामासाठी निरुपयोगी आहे. नागपूरच्या इतवारी बाजारातून घेतलेल्या या छोट्या काट्यावर झालेला खर्च मला या छंदातील सर्वांत सार्थकी लागलेला वाटतो.

आता हे असे का झाले, याचा विचार करू. उन्हात पक्षी धापा टाकतो, श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड अधिक प्रमाणात निघून जातो, रक्तातील बायकार्बोनेट घटते आणि कवचासाठी लागणारा कार्बोनेट अपुरा पडतो. सी जीवनसत्त्व पक्षी स्वतःच्या शरीरात तयार करतात, मात्र उष्णतेच्या ताणात ते पुरत नाही, म्हणून वरून देतात. दाटीमुळे अंगाची उष्णता अंगाशीच अडकते, हेही उघड आहे. तरीही दाट पिंजऱ्यात सी जीवनसत्त्वाचा परिणाम जवळजवळ शून्य का दिसावा, हे कोडे यातून सुटत नव्हते.

त्याचे उत्तर गव्हाणीत सापडले. सूर्यास्तानंतर खाद्य टाकले की दाट पिंजऱ्यातील पुढच्या रांगेतल्या माद्या मक्याचा आणि सोयाबीनचा भरडा वेचून खातात, चोचीने बाकीचे उडवतात, आणि मागे राहिलेल्यांच्या वाट्याला तळाची भुकटी येते. गव्हाणीच्या कोपऱ्यात साचलेली ती भुकटी आणि वरचा भरडा वेगवेगळ्या वाट्यांत पाण्यात कालवून त्यांवर जखमेला लावायच्या आयोडीनचे थेंब टाकले. मक्यातील स्टार्चमुळे भरड्याचे पाणी निळे-काळे झाले. भुकटीच्या पाण्यात मात्र रंग उमटताच विरून गेला, आणि सी जीवनसत्त्व आयोडीनचा रंग असाच घालवते. शंका नको म्हणून नुसत्या मॅशची भुकटीही तपासली, तिचा रंग टिकून राहिला. म्हणजे जीवनसत्त्व तळाशी बसते, आणि चुनखडीची पूडही बहुधा त्याच्याबरोबरच बसते. विरळ पिंजऱ्यात सर्व माद्या एकाच वेळी गव्हाणीवर उभ्या राहू शकतात व तळ चाटून-पुसून साफ करतात. किलोमागे किती मिसळले हा हिशेब दाटीत पक्ष्यागणिक लागूच पडत नाही.

या नोंदीच्या सुरुवातीला मात्रा ५०० मिलिग्रॅमपर्यंत वाढवण्याचा बेत सांगणार होतो. तो आता रद्द करतो. जे पोहोचतच नाही ते दुप्पट करून काय साधणार? त्याऐवजी दाट पिंजऱ्यांना मागच्या बाजूनेही एकेक गव्हाण लावतो, म्हणजे जागा तीच ठेवून गव्हाणीची लांबी तेवढी वाढेल आणि जमीन कमी पडते की गव्हाण, हे वेगळे कळेल. सी जीवनसत्त्व आधी चमचाभर सोयाबीन तेल लावलेल्या मूठभर भरड्याला चोळून मग मॅशमध्ये मिसळायचे ठरवले आहे. खाद्य ओले करण्याचा पर्याय नागपूरच्या उन्हात मी विचारातच घेत नाही, कारण ते दुपारपर्यंत आंबते आणि जीवनसत्त्वही लवकर नासते.

शिंपल्यांचा भरडा यापुढे वेगळ्या वाटीत संध्याकाळी देणार. बटेर बहुतेक अंडी दुपार उलटल्यावर घालतात आणि पुढच्या अंड्याचे कवच रात्री ते सकाळी घडते, त्यामुळे चुना पोटात असण्याची वेळ तीच आहे. भरडा घेताना चाळून घ्यावा. दुकानात 'बारीक' म्हणून मिळणाऱ्या मालात निम्मी पूड असते, आणि पूड पुन्हा तळाशीच बसणार. जीवनसत्त्वांच्या तयार मिश्रणांबद्दल माझे मत मागच्याप्रमाणेच आहे: डब्यावर घटकांची मात्रा छापलेली नसेल, तर ते घेऊ नये.

पिंजऱ्यांच्या जागाही बदलतो आहे. वरचे कप्पे टिनाच्या छपराजवळ असल्याने तापतात आणि कूलरची हवा खालच्यांनाच अधिक लागते, म्हणून दर आठवड्याला वरचे खाली आणि खालचे वर करीन. दुसरी गव्हाण लावल्यावर दाट पिंजऱ्यांची कवचे विरळ पिंजऱ्यांच्या जवळ आली, तर पुढच्या तुकडीत पक्ष्यामागे २०० चौरस सेंटीमीटरवर भागवता येईल. नाही आली, तर उन्हाळ्यात पिंजऱ्यामागे १२ माद्या हीच मर्यादा ठेवीन.