परीक्षा न देता पास झालेला वर्ग

तुम्ही विचारलेत म्हणून हे लिहिते आहे. अकरावीच्या प्रवेशाच्या रांगेत, लग्नाच्या मांडवात आणि आता पदवीच्या शेवटच्या वर्षी नोकरीच्या मुलाखतीतही तोच प्रश्न येतो : ‘दहावी २०२१ ची? म्हणजे तुम्ही परीक्षा न देताच पास झालात की!’ बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यातल्या आमच्या शाळेचा वर्ग मध्यंतरी पुन्हा एकत्र जमला, तेव्हा स्नेहसंमेलनाच्या आणि सहलीच्या गोष्टी लवकर संपल्या आणि हा प्रश्न कुणाला कुठे ऐकावा लागला, याच गोष्टी उशिरापर्यंत चालल्या.

परीक्षा आम्ही रद्द केली नाही. आम्हाला कुणी विचारलेही नाही. २० एप्रिल २०२१ ला ती रद्द झाल्याचे जाहीर झाले. त्या रात्री मला आनंद झाला, हेही सांगून टाकते. गावात रोज कुणी ना कुणी दवाखान्यात भरती होत होते, शाळेला मार्चमध्ये पुन्हा कुलूप लागले होते आणि भूमितीचे निम्मे प्रमेय मला येत नव्हते. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीने त्या बातमीवर दुःख करायला हवे होते, असे मला आजही वाटत नाही.

पण ‘परीक्षा न देता’ म्हणणाऱ्यांना आमचे गुण कशाचे होते ते बहुधा आठवत नाही. शंभरपैकी ५० गुण नववीचे, ३० दहावीच्या अंतर्गत लेखी मूल्यमापनाचे आणि २० गृहपाठ, तोंडी व प्रात्यक्षिकाचे. नववीची वार्षिक परीक्षा तर २०२० च्या टाळेबंदीत आधीच गेली होती, म्हणजे नववीचे गुण हे २०१९ च्या सहामाहीचेच गुण. दिवाळीच्या सुट्टीकडे डोळे लावून दिलेली ती सहामाही आपल्या दहावीचा निम्मा निकाल ठरवणार आहे, हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनीही नव्हते.

माझ्या बाकावर बसणाऱ्या मैत्रिणीच्या तर नव्हतेच. त्या सहामाहीच्या दिवसांत तिची आजी अंथरुणाला खिळलेली होती, आई शेतावर मजुरीला जात होती आणि आजीचे सगळे हिच्याकडे होते. जे काही पेपर तिने दिले ते जेमतेम दिले. ‘वार्षिकला भरून काढते,’ असे ती म्हणाली होती. वार्षिक झालीच नाही. दहावीच्या वर्षी शाळा बंद, वर्ग मोबाईलवर आणि तिच्या घरात साधा फोन. दसरा झाला, ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघाल्या, आईवडिलांनी मुकादमाकडून, म्हणजे टोळी नेणाऱ्याकडून, उचल म्हणून आगाऊ पैसे घेतलेले होते. तिला एकटीला गावात कुणाच्या भरवशावर ठेवायचे, म्हणून तीही त्यांच्यासोबत सांगलीकडच्या एका साखर कारखान्यावर गेली. नोव्हेंबरात नववी ते बारावीचे वर्ग सुरू झाले तेव्हा ती फडात उसाच्या मोळ्या बांधत होती.

पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळपाचा हंगाम संपल्यावर, ती परत आली, ती एक जाड वही घेऊन. त्या वहीत बीजगणिताचे सरावसंच पुस्तकाच्या क्रमाने सोडवलेले होते : दोन चलांतील रेषीय समीकरणे, वर्गसमीकरणे, अंकगणिती श्रेढी, थेट सांख्यिकीपर्यंत. कोपीत, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपडीत, रात्री जागून केलेले ते काम होते. पानांच्या कडा चुलीच्या धुराने पिवळ्या पडल्या होत्या आणि जिथे उत्तर चुकले तिथे तिने ते खोडले नव्हते, शेजारी पुन्हा सोडवले होते. शिकवायला कुणीच नव्हते, पुस्तकामागची उत्तरसूची तेवढी होती. बोर्डाच्या पेपरात आपण सहामाहीचे सगळे धुऊन काढू, असा तिचा हिशेब होता.

जूनमध्ये आम्हाला शाळेत बोलावले. वर्गशिक्षकांच्या पुढे गुणांचे तक्ते होते आणि ते प्रत्येकाकडून वर्षभरातल्या चाचण्यांचे कागद मागत होते. तिच्याकडे एकही चाचणी नव्हती. सरांनी तिची वही पाहिली, बराच वेळ चाळली, आणि शाळेला नोंद तर करावीच लागते म्हणून व्हरांड्यात बसवून तिला तिथल्या तिथे प्रश्न लिहून दिले. गणिताचा पेपर तिने मान वर न करता सोडवला. कागद हातात देताना तिने विचारले, ‘सर, हा पेपर बोर्डाला जाणार हाय का?’ सर म्हणाले, ‘नाही बाळा, हा इथंच शाळेत राहणार.’ ती काही बोलली नाही. पुढच्या विषयाचे प्रश्न तिने मागून घेतले, पण ते लिहिताना ती मधेमधे थांबून मैदानाकडे बघत होती. सरांचा यात काडीचाही दोष नव्हता. त्यांच्या हातात होते तेवढे गुण त्यांनी तिला दिले. नववीचे ५० मात्र कुणाच्याच हातात नव्हते.

१६ जुलैला निकाल लागला. संकेतस्थळ कित्येक तास उघडत नव्हते, आणि उघडले तेव्हा राज्याचा निकाल ९९.९५ टक्के होता. मला ८० टक्क्यांच्या वर मिळाले, तिला त्याहून कितीतरी कमी. वसतिगृहाच्या गुणवत्ता यादीत तिचे नाव लागले नाही, रोज येऊन-जाऊन अकरावी करणे घरच्यांना परवडले नाही आणि दसऱ्यानंतर ती पुन्हा कारखान्यावर गेली. आता ती आणि तिचा नवरा एका टोळीत कोयता म्हणून, म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी म्हणून, जातात.

पूर्वी मी या प्रश्नाला ठरलेले उत्तर देत असे : बारावीला २०२३ मध्ये आम्ही केंद्रावर बसून पूर्ण परीक्षा दिली, राज्याचा निकाल ९१.२५ टक्के लागला, आम्ही पास झालो, आता तरी पुरे करा. त्या उत्तराचा मला अभिमानही होता. पण ते उत्तर माझे होते, वर्गाचे नव्हते, कारण आमच्या दहावीच्या वर्गातल्या किती जणी बारावीच्या केंद्रापर्यंत पोहोचल्याच नाहीत. मग मी उलट टोकाला गेले आणि परीक्षा घ्यायलाच हवी होती, असे सांगू लागले. तेही मला धड पटत नाही. त्या एप्रिलमध्ये केंद्रावर मुलांची गर्दी करायला कोणत्या आईबापांचे मन झाले असते? आणि फोनच नसलेली, वर्षभर एक ओळ न शिकलेली जी मुले त्या सूत्रामुळे पास झाली, त्यांना नापास करून मला कोणता न्याय मिळणार होता?

हे लिहिण्याआधी मी तिला फोन केला. ती म्हणाली, ‘माझ्यापायी कुणाशी भांडू नको. बोर्ड झाला असता अन् इंग्रजीत गेले असते तर? आता कागदावर दहावी पास तरी हाय.’ इंग्रजीचे मी सांगू शकत नाही, तिथे तिचे म्हणणे खरेही असेल. गणिताच्या पेपरात मात्र ती माझ्या पुढे गेली असती, आणि हे मी तिने सांगूनही भांडूनच सांगणार आहे.