साडेपंचवीस इंच

जानेवारीतला रविवार होता. पुण्यात सहकारनगरमधल्या एका चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके, घर दाखवणाऱ्या व्हिडिओसाठी, शूट करायचा होता. इमारत पंचवीस-तीस वर्षांची, लिफ्ट लहान पण चालू, जिन्याला शहाबादी फरशी. याच इमारतीतला पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट मी तीन आठवड्यांपूर्वी केला होता आणि हे कामही त्याच एजंटकडून आलं होतं. दोन्ही घरांचा नकाशा एकच. कुठे उभं राहायचं, कुठून वळायचं हे पाठ असल्यामुळे दोनपर्यंत उरकेल असा माझा हिशेब होता.

नऊला पोचले. घरात शिरल्यावर कॅमेरा बाहेर काढायच्या आधी मी दिवे बघते. लग्नांच्या शूटिंगमधून या कामात आले तेव्हा पहिले काही महिने माझ्या व्हिडिओत भिंतींवरून काळसर पट्टे सरकायचे आणि कारण कळायचं नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिव्याचा उजेड सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो. कॅमेरा सेकंदाला ३० फ्रेमवर आणि शटर १/६० सेकंदावर असलं की त्या लयीशी त्याचा मेळ बसत नाही. २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवलं की बहुतेक घरांत प्रश्न मिटतो. गिंबलवर, म्हणजे कॅमेरा स्थिर ठेवणाऱ्या मोटरच्या दांड्यावर, चालत घ्यायचे शॉट मी ५० फ्रेमवर, १/१०० शटरने घेते आणि नंतर निम्म्या वेगाने लावते. पावलांचा हिसका त्यात विरून जातो.

तिसऱ्या मजल्यावर मात्र फॉल्स सीलिंगच्या कडेने एलईडीची पट्टी होती, डिमरवरची. असे दिवे मंद केले की ते स्वतःच्याच वेगाने चालू-बंद होत राहतात, ५० हर्ट्झच्या हिशेबात बसत नाहीत. पट्टी पूर्ण तेजावर नेली तरी मॉनिटरवर हलकी लहर दिसत होती. शेवटी ती बंद केली. मालकीणबाईंना वाईट वाटलं. त्या पट्टीवर त्यांनी बराच खर्च केला होता.

रंगांचंही तसंच. स्वयंपाकघरात साडेसहा हजार केल्विनची पांढरी ट्यूब, हॉलमध्ये तीन हजारचे पिवळे बल्ब आणि खिडकीतून ऊन. तिन्ही एका फ्रेममध्ये आले की एकच भिंत इकडे निळसर आणि तिकडे हळद लावल्यासारखी दिसते. कॅमेऱ्याला ऑटोवर सोडलं तर चालता चालता रंग बदलतो, ते तर फारच वाईट. मी जमतील तेवढे दिवे घालवते, खिडकीच्या उजेडावर भिस्त ठेवते आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेरा कुठला उजेड पांढरा धरतो ते, ५६०० केल्विनवर पक्का करून टाकते. जानेवारीत दक्षिणेच्या खिडकीतून ऊन थेट सोफ्याखाली येतं. पातळ पडदा ओढून घेतला, पंखे बंद केले आणि खिडकीबाहेरचं झाड पांढरं पडणार नाही इतपत एक्स्पोजर खाली आणलं. अंधारलेला कोपरा नंतर थोडा उचलता येतो, पण जळून पांढरं झालेलं परत येत नाही.

लेन्स १६ मिमी. लेन्सचं छिद्र एफ/८ वर, फोकस हाताने मीटरभर अंतरावर लावला की अर्ध्या मीटरपासून खिडकीबाहेरपर्यंत सगळं स्पष्ट राहतं आणि चालताना फोकस शोधाशोध करत नाही. कॅमेरा जमिनीपासून साधारण चार फुटांवर. त्याहून वर नेला तर छतच जास्त येतं, आणि कॅमेरा खाली झुकवला की कपाटं आणि दारं तिरकी होतात.

आता दारांबद्दल. या कामात मला सुरुवातीला शिकवलेली एक गोष्ट मी वर्षानुवर्षं न चुकता पाळत होते. खोली दाखवायची तर पाठ चौकटीला टेकवून आत बघायचं आणि चौकट फ्रेममध्ये येऊ द्यायची नाही. चौकट दिसली की बघणारा अजून बाहेरच उभा आहे असं वाटतं, शिवाय चित्राचा काही भाग ती खाऊन टाकते. १६ मिमीची लेन्स आडवं जवळजवळ ९७ अंश बघते. चौकटीत पाठ लावून उभं राहिलं की दहा बाय अकराची खोलीसुद्धा ऐसपैस वाटते. पहिल्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मी प्रत्येक खोलीची सुरुवात अशीच केली होती. बाथरूमचीही.

साडेअकराला एजंटचा फोन आला. "ताई, दोन मिनिटं पहिल्या मजल्यावर येता का? सोलापूरची पार्टी आलीय. तुमचा व्हिडिओ बघून जवळजवळ पक्कं करूनच आलेत."

गिंबल हातात तसाच घेऊन खाली गेले. हॉलमध्ये चाळिशीचा एक गृहस्थ, त्याची बायको आणि व्हीलचेअरवर त्याचे वडील. सकाळी साडेपाचला सोलापूर सोडलेलं, अडीचशे किलोमीटरचा प्रवास. वडिलांची ट्रीटमेंट पुण्यात चालू होती आणि दर वेळी जाऊन-येऊन ते थकत होते, म्हणून इथेच घर बघत होते. 

"व्हिडिओ तुम्ही काढलाय का, ताई?"

"हो."

"लई चांगला काढलाय. आम्ही वीस-पंचवीस वेळा बघितला असंल. थांबवून थांबवून फरश्या मोजल्या." 

खिशातून त्याने वहीचा कागद काढला. हॉलची फरशी दोन फुटी, लांबीत आठ, म्हणून सोळा फूट. आतली बेडरूम साडेपाच बाय पाच फरश्या, म्हणून अकरा बाय दहा. पॅसेज पावणेदोन फरश्या, साडेतीन फूट. पेन्सिलने आखलेला नकाशा, पलंगाची जागा, खुर्ची कुठून कुठे वळेल त्याचे बाण. सगळे आकडे बरोबर होते. वाइड लेन्स फरशी कोपऱ्यात कितीही ताणू दे, फरश्यांची संख्या बदलत नाही. हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. त्या माणसाला गरज होती, म्हणून त्याला सुचलं.

बाथरूमच्या दाराशी त्याने लिहिलं होतं: "बेडरूमसारखंच."

वडिलांना जायचं होतं. मुलगा खुर्ची पॅसेजमधून घेऊन गेला, वळवली आणि आत सारली. दोन्ही बाजूंच्या चाकांच्या कड्या एकदम चौकटीवर आपटल्या. त्याने मागे घेतली, थोडी तिरकी करून पुन्हा सारली, पुन्हा तोच आवाज. तिसऱ्या वेळी त्याने ब्रेक लावला, पाय ठेवायची पाती बाजूला केली, वडिलांच्या काखेखालून एक हात घातला, गुडघ्यांखालून दुसरा, आणि त्यांना उचललं. आडवे होऊन दोघं आत गेले. सुनेने बाहेरून दार ओढून धरलं. म्हाताऱ्यांनी डोळे मिटून घेतले होते. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. माझ्या हातातल्या गिंबलची मोटर गुणगुणत होती, ती बंद करायचंही मला सुचलं नाही.

बाहेर आल्यावर त्यांना खुर्चीत बसवलं, मांडीवर पंचा नीट केला. मग मुलगा बायकोच्या पर्समधली टेप घेऊन चौकटीपाशी आला. चौकट ते चौकट २४ इंच. खुर्ची कडीपासून कडीपर्यंत साडेपंचवीस. बेडरूमचं दार मात्र चांगलं रुंद होतं. त्या काळच्या फ्लॅटमध्ये बाथरूमला लहान दार लावणं इतकं सर्रास आहे की माझ्या डोळ्यांना ते खटकलंही नव्हतं.

एजंट म्हणाला, "फोडून मोठं करता येईल की." मुलाने बोटाच्या पेराने दोन्ही बाजूंना वाजवून पाहिलं. एका बाजूला आरसीसी कॉलम, दुसऱ्या बाजूला पाइपांची डक्ट. 

"दार कुठं दिसलंच नाही व्हिडिओत," तो मला म्हणाला. आवाजात राग अजिबात नव्हता. माझ्याकडे उत्तर होतं, पण ते द्यायला तोंड उघडेना. दार दिसू नये म्हणूनच तर मी चौकटीला पाठ लावली होती. त्या व्हिडिओतला एकही शॉट खोटा नव्हता. खोल्या तेवढ्याच, फरश्या तेवढ्याच. पण आत जायची वाट मी सगळीकडून कापून टाकली होती. आणि एक गोष्ट मला तिथेच लक्षात आली, ती अजून जात नाही. खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून जवळपास चार फुटांवर असतात. माझा कॅमेराही तितक्याच उंचीवरून ते घर बघत होता. म्हाताऱ्यांनी सोलापुरात बसून जे घर पाहिलं ते त्यांच्याच उंचीवरून पाहिलं होतं, आणि त्यात ते प्रत्येक खोलीत न अडखळता शिरले होते.

नवीन प्रकल्पांच्या जाहिरातींसाठी कायदा आहे. रेरा कायद्याच्या, २०१६ च्या, कलम १२ प्रमाणे जाहिरातीतल्या किंवा नमुना घरातल्या चुकीच्या माहितीवर विसंबून कुणी पैसे भरले आणि नुकसान झालं तर बिल्डरने भरपाई द्यायची. कार्पेट एरिया म्हणजे काय हेही त्यात नेमकं ठरवलेलं आहे. पण कार्पेट कितीही अचूक सांगितलं तरी त्यातून दाराची रुंदी कळत नाही. ती दाखवणं त्या फ्लॅटपुरतं फक्त माझ्या हातात होतं.

ते लोक लगेच निघाले नाहीत. वडिलांना टेकायचं होतं म्हणून त्यांना तक्तपोसावर आडवं केलं, डबे उघडले, ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी. मलाही बसवलं. वडील उशीवरून म्हणाले, "उजेड छान आहे घरात." तेवढंच.

जेवण झाल्यावर मी एजंटला म्हटलं, हा फ्लॅट मला आत्ता पुन्हा शूट करायचाय, पैसे नकोत. वर तिसऱ्या मजल्यावर मालकीणबाईंना सांगून आले की तासभर उशीर होईल.

१६ ची लेन्स काढून २४-७० मिमीची झूम लावली. २४ वर आडवा कोन ७४ अंशांच्या आसपास येतो. खोलीचा चौथा कोपरा फ्रेममध्ये बसत नाही, पण पलंग आणि कपाट यांच्यातलं अंतर डोळ्याला जसं वाटतं तसं दिसतं. प्रत्येक खोलीत एक शॉट ट्रायपॉडवर, स्थिर, जमीन पुरेशी दिसेल असा, म्हणजे फरश्या मोजता याव्यात. चकचकीत फरशीवर खिडकीची चमक पडली की सांधे दिसेनासे होतात, म्हणून पोलरायझर लावून ती चमक मारली. वाइड लेन्सवर पोलरायझरने आभाळ एकसारखं राहत नाही, पण इथे खिडकी फ्रेमबाहेर होती.

सगळ्यात अवघड बाथरूमचं दार. साडेतीन फुटी पॅसेजमध्ये मागे सरकायला जागाच नाही. पॅसेजच्या पलीकडे समोर बेडरूमचं दार होतं. त्या खोलीत थेट मागच्या भिंतीपर्यंत गेले, लेन्स ३५ वर नेली आणि कॅमेरा दाराच्या मध्यावर, चौकटीला काटकोनात लावला. कॅमेरा जराही तिरका असला की एक बाजू रुंद भासते. आत बाथरूमचा पिवळा दिवा, बाहेर खिडकीचा उजेड. आतला दिवा घालवला, आणि अंधार फार झाला म्हणून छोटा एलईडी पॅनल ५६०० वर करून आतल्या छतावर मारला. टेपचं एक टोक धरायला माणूस हवा होता. सोलापूरचा मुलगा स्वतःहून आला, चौकटीत वाकला आणि टेप आडवी ताणून धरली. शॉटमध्ये त्याची बोटं आहेत. ती मी कापली नाहीत. स्क्रीनवर आकडा टाकला: २४ इंच.

एजंट बघत होता. "ताई, हे दाखवलं तर गिऱ्हाईक फिरकेल का?" मी म्हटलं, ज्याची खुर्ची साडेपंचवीस इंचांची आहे तो फिरकणार नाही, आणि त्याने पहाटे साडेपाचला निघू नये एवढ्यासाठीच दाखवतेय. तो गप्प बसला. जुना व्हिडिओ त्याने उतरवला, पण दोन दिवसांनी, मी तीन फोन केल्यावर.

तिसऱ्या मजल्यावर परत गेले तोवर ऊन सोफ्यापासून भिंतीवर चढलं होतं. सगळं एक्स्पोजर नव्याने लावावं लागलं. तिथलं बाथरूमचं दारही अर्थातच २४ इंच. मालकीणबाईंनी मला टेप लावताना बघितलं आणि काही न बोलता स्वतःच दुसरं टोक धरलं.

महिन्याभराने सोलापूरहून फोन. "ताई, बिबवेवाडीत एक घर सापडलंय. तळमजला. फोटो आलेत, पण दार दिसत नाही. तुम्ही जाऊन मोजून याल का? वडिलांना परत आणायचं नाही नुसतं बघायला."

कॅमेरा न घेता गेले. बाथरूमची चौकट मोजली, साडेतीस इंच, आणि दारातूनच त्याला फोन लावला.

"दार उघडं धरून मोजलं का, नुसती चौकट?" त्याने विचारलं. "दाराचा पल्ला उघडला तरी त्याची जाडी चौकटीतच राहते, तेवढी जागा जाते."

मी फोन तसाच खांद्याशी धरला, पल्ला नव्वद अंशात उघडला आणि त्याच्या कडेपासून समोरच्या चौकटीपर्यंत टेप लावली. एकोणतीस इंच.

"पुन्हा एकदा बघा," तो म्हणाला. मी पुन्हा बघितलं. एकोणतीसच.