पट्टी क्रमांक १४: दोष नॅनोट्यूबांचा नव्हताच

आपली पट्टी आकार लक्षात ठेवणाऱ्या पॉलियुरेथेन प्लास्टिकची: घडी घालून ठेवायची, वीज देऊन तापवली की ती आपणच उघडते. वीज वाहावी म्हणून तिच्यात कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या, म्हणजे नॅनोट्यूब, मिसळतो. ५ टक्क्यांऐवजी ७ टक्के नॅनोट्यूब घातल्या की काम फत्ते, असं मागच्या नोंदीत ऐटीत लिहिलं होतं. शब्द मागे घेतो. ७ टक्क्यांचं मिश्रण इतकं घट्ट झालं की ओतण्याऐवजी साच्यात थापावं लागलं, आणि वाळलेली पट्टी पहिल्याच घडीला तडकली.

दुखणं तेच जुनं. ३० व्होल्ट दिले की दोन्ही टोकं ८० अंशांपार, मधला भाग चाळिशीतच घुटमळतो. आपल्या पॉलियुरेथेनचा टीजी (ज्या तापमानाला ते मऊ होऊन मूळ आकाराकडे परततं) ५५ अंश, आणि घडी नेमकी मध्ये! तीन आठवडे मी डिस्पर्शनलाच, म्हणजे नळ्या मिश्रणात सारख्या न पसरण्यालाच, शिव्या घातल्या. सोनिकेशनची (ध्वनिलहरींनी नळ्या सुट्या करण्याची) वेळही वाढवली. तुम्ही वाढवू नका. नळ्या तुटून आखूड होतात आणि त्यांचं वीज वाहणारं जाळं विरळ पडतं.

मंगळवारी रात्री अखेर चार तारांनी रोध मोजला (दोन तारा प्रवाहाला, दोन व्होल्टेजला, म्हणजे जोडाचा रोध मोजणीत येत नाही). हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. दोन तारांनी २.३ किलोओहम, चार तारांनी १.२! उरलेला जवळजवळ निम्मा रोध टोकांना तारा जोडायच्या चांदीच्या पेस्टखाली दडून बसला होता. एकूण ०.४ वॉटमधले ०.२ तिथेच जळत होते. द्रावक उडताना पट्टीवर पॉलिमरची साय धरते, तिच्यात नळ्या जवळपास नसतातच, आणि मी पेस्ट लावत होतो ती त्या सायीवर.

टोकं पाण्याने ओली ठेवून पॉलिश पेपरने घासली (कोरडी घासू नका, ती धूळ छातीत जायला नको): १.७ किलोओहम. मग १४ नंबरची पट्टी ओततानाच दोन्ही टोकांत तांब्याची बारीक जाळी बुडवली. १.३! थर्मल कॅमेऱ्यात पहिल्यांदाच पट्टी सलग एका रंगाची दिसली. घडी ५८ सेकंदांत उघडली, फक्त दहाएक अंशांचा बाक उरला. तो प्रयोग मी उगाचच आणखी चारदा केला.

पेस्टबद्दलचं माझं मत आता पक्कं आहे: वाकणाऱ्या पट्टीवर ती भेगाळतेच. तयार डिस्पर्शन (द्रवात आधीच पसरवलेल्या नळ्या) मात्र घ्याच, कोरड्या भुकटीच्या वाटेला जाऊ नका. या वेळची बाटली तळाशी गाळ बसलेलीच आली, आणि पुरवठादाराचं उत्तर काय, तर ‘हलवून वापरा’.

पुढचा बेत पट्टी यू आकारात कापून दोन्ही तारा एकाच बाजूला आणण्याचा होता. पण तात्पुरता आकार बसवायला पट्टी ४० टक्के ताणून थंड केली की जाळं विस्कटतं आणि रोध २ किलोओहमवर जातो. ३० व्होल्टला ०.६९ वॉटचे ०.४५ होतात. व्होल्टेज वाढवून शक्ती स्थिर ठेवावी म्हणून आकडे मांडत होतो आणि लिहिता लिहिताच सुचलं: आकार परतताना रोध उतरत असेल, तर पट्टी किती उघडली हे तीच सांगेल की! तापमानानेही रोध हलतो, म्हणून आधी न ताणलेल्या पट्टीचा आलेख काढावा लागेल. प्रवाह मोजायचं मॉड्यूल खणात पडलेलंच आहे. यू थांबेल.