तुम्ही विचारलंत म्हणून : आता ते नुसतं चित्रच ना?

न्यू जर्सीत आमच्याकडे उन्हाळ्यात पाहुण्यांची ये-जा असते आणि प्रत्येकाला मी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये घेऊन जाते. तिथे एका चित्रापाशी माझा पाय निघत नाही, आणि मग कुणीतरी विचारतंच, "पूजेचं होतं ना हे? इथे आणून टांगल्यावर आता नुसतं चित्रच ना?" गर्दीत धड उत्तर देता येत नाही, म्हणून आज लिहिते.

चित्र मेरी आणि बाळ येशूचं. इटलीतल्या सिएना शहराच्या दुच्चो दि बुओनिनसेन्या या चित्रकारानं ते सन १३०० च्या आसपास रंगवलं. जेमतेम ए-फोर कागदाएवढी लाकडी फळी, तिच्यावर सोन्याचा वर्ख, अंड्याच्या बलकात कालवलेले रंग. म्युझियमनं २००४ मध्ये ते विकत घेतलं तेव्हा साडेचार कोटी डॉलरच्या आसपासचा आकडा पेपरात आला होता. पाहुणे त्या आकड्यावरच अडकतात. मी त्यांना खाली वाकायला लावते.

चौकटीची खालची कड बघा. लाकूड जळून काळं पडलंय. समोर लावलेल्या मेणबत्त्यांनी. एवढं लहान चित्र म्हणजे कुणाच्या तरी खोलीतलं, एकट्यानं समोर बसून प्रार्थना करण्याचं. ज्योत लाकडाला लागेपर्यंत कुणीतरी इतक्या जवळ मेणबत्ती ठेवत होतं. आमच्या आजोळच्या देव्हाऱ्याची चौकट निरांजनानं अशीच काळवंडली होती, त्यामुळे मला तो डाग ओळखायला पाटी वाचावी लागली नाही. पाटीवर असतं ते टेम्परा (म्हणजे तेच बलकातले रंग), सोनं, लाकूड. माझ्या लेखी त्या चित्रातली सगळ्यात मोलाची जागा ती जळकी कड आहे, आणि ती कुणी घासून, रंगवून नवी केलेली नाही, याचं मला फार बरं वाटतं.

गेलं काय, तर उजेड गेला. वर्खाचं सोनं हलत्या ज्योतीसाठी असतं. ज्योत थरथरली की मेरीच्या मागची सगळी पार्श्वभूमी श्वास घेतल्यासारखी हलत असणार. म्युझियमच्या एकसारख्या दिव्यात ते सोनं गप्प बसतं. याची मला खरंच हळहळ वाटते.

पण म्युझियमनं देवपण काढून घेतलं, हे मला पटत नाही. दुच्चोचीच 'माएस्ता' घ्या. सिएनाच्या कॅथेड्रलसाठी, म्हणजे तिथल्या मुख्य चर्चच्या वेदीवर ठेवायला केलेलं ते दोन्ही बाजूंनी रंगवलेलं प्रचंड चित्र. ९ जून १३११ ला चित्रकाराच्या कार्यशाळेपासून कॅथेड्रलपर्यंत ते मिरवत नेलं. दुकानं बंद, घंटा वाजतायत, सगळं गाव रस्त्यावर. मेरीच्या पायाशी दुच्चोनं मागणं लिहिलंय : हे माते, सिएनाला शांतता दे, आणि तुला असं रंगवलं म्हणून दुच्चोला आयुष्य दे. याच चित्राचे १७७१ मध्ये करवतीनं तुकडे झाले, आणि तेही ते कॅथेड्रलच्याच ताब्यात असताना. पुढची आणि मागची बाजू वेगळी करायची होती. पुढे काही तुकडे पार लंडन, वॉशिंग्टन, न्यूयॉर्कपर्यंत विखुरले. मुख्य भाग आज सिएनात कॅथेड्रलच्याच म्युझियममध्ये जपून ठेवलाय. म्हणजे भक्तांच्या ताब्यात असतानाच ते मोडलं, आणि सांभाळलं गेलं ते म्युझियममध्ये.

म्हणून 'नुसतं चित्र' हा शब्द मला जड जातो. परवा माझ्या आठ वर्षांच्या भाच्यानं त्या जळक्या कडेकडे बघून विचारलं, "आग लागली तेव्हा कुणी विझवली?" मला ठाऊक नव्हतं. मग तो वर बघायला लागला. बाळानं हात वर करून आईच्या डोक्यावरचा पदर बाजूला सारलाय, तिचा चेहरा नीट दिसावा म्हणून. भाचा म्हणाला, "ती उदास आहे, ते त्याला कळलंय." आम्ही तिथेच उभे राहिलो. पाहुणे पुढच्या दालनात गेले होते.