सोसायटीच्या खताच्या टाकीपाशी

आज आमच्या सोसायटीतल्या टाकीतून तयार खत काढून चाळण्याचे काम झाले. वरच्या थरात केळ्याच्या साली अजून ओळखू येत होत्या. तळाशी मात्र काळेभोर, भुसभुशीत खत होते आणि त्याला ओल्या मातीचा वास होता. याच टाकीच्या दुर्गंधीवरून मागे सभेत बरीच वादावादी झाली होती. पण ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर वाळलेला पालापाचोळा टाकून ढीग अधूनमधून खालीवर केला, की आत हवा खेळती राहते आणि वास येत नाही. काम पाहणाऱ्या ताईंचे सांगणे एवढेच होते, की "आमटी, ताक ओतू नका, पाणी सुटतं."

5,000 चौरस मीटरपेक्षा मोठ्या गृहसंकुलांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा, असे 2016 च्या घनकचरा नियमांनी सांगितले होते. पुण्यात या प्रश्नाला उरुळी देवाची आणि फुरसुंगी या शहराजवळच्या गावांचा संदर्भ आहे. आपल्या घरातला कचरा तिथल्या डेपोत साठत गेला आणि गावकऱ्यांनी वर्षानुवर्षे दुर्गंधी व दूषित पाणी सोसले, हे आपण शहरवासीयांनी विसरणे मला अन्यायाचे वाटते.

टाकीत अख्ख्या पोळ्या आणि भाताचे गोळेही दिसले, याचे मात्र फार वाईट वाटले. त्यांचेही खत होईल, पण ते अन्न खाण्यासाठी शिजवलेले होते. गणेशोत्सवातल्या जेवणासाठी घरटी माणसांची आगाऊ नोंद घ्यावी, असे मी पुढच्या सभेत सुचवणार आहे.